अप-डाऊन थांबलं आणि पोट सुटलं

लॉकडाऊनमध्ये वाढलेल्या वजनाचं खापर आखाजीवर, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणावर, फोडणं खान्देशात सोपं जातं. २०२० साली आखाजी २६ एप्रिलला आली. माहेरवाशिणी सासरीच अडकल्या, झोके सुने राहिले, पण खापरावरची पुरणपोळी, आमरस आणि वर तुपाची धार काही बहुतेक घरांत चुकली नाही. तरी हिशोब मांडून बघा. अंगावर एक किलो चरबी चढायला सुमारे ७,७०० कॅलरी जादा लागतात. एका सणाच्या जेवणात, कितीही आडवा हात मारला तरी, तेवढं जमत नाही. मग जूनमध्ये पँटचं बटण का लागेना?

भुसावळहून जळगावला रोज अप-डाऊन करणारा नोकरदार डोळ्यांपुढे आणा. घरून स्टेशन, पुलाचा जिना, गाडीत जागा नाही म्हणून दारात उभं राहणं, जळगावला उतरून ऑफिसपर्यंत पायी, दुपारी चहासाठी टपरीवर चक्कर. ‘व्यायाम करता का?’ असं विचारलं तर तो नाहीच म्हणेल. मार्चच्या शेवटी प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि हे सगळं एका झटक्यात गेलं. वर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे, म्हणजे गच्चीवर फिरायचं तर पहाटेच, एरवी कूलरपुढे.

या न मोजलेल्या हालचालींत किती ऊर्जा जळते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ साली दाखवलं. १६ जणांना त्यांनी आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. जादा खाणं सगळ्यांचं सारखंच, पण कुणाची चरबी जेमतेम ३६० ग्रॅम वाढली, तर कुणाची सव्वाचार किलो. फरक व्यायामाचा नव्हता, तो त्यांना मर्यादितच होता. ज्यांचं उठणं-बसणं, येरझाऱ्या, चुळबुळ नकळत वाढली, त्यांच्या अंगाला खाल्लेलं कमी लागलं. घरात कोंडलेल्या माणसाची ही वाटच बंद झाली होती. मोबाइल ॲपवरच्या जगभरच्या नोंदीही तेच सांगतात: महामारी जाहीर झाल्यावर महिन्याभरात लोकांची रोजची पावलं सरासरी २७ टक्क्यांनी घटली.

अर्थात सगळ्यांची नाही. शेतीकामाला सूट होती, त्यामुळे रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांना बसून राहण्याची चैन कुठली? आणि ज्या घरात धुणं-भांड्याची बाई येईनाशी झाली, तिथल्या गृहिणीची पावलं उलट वाढलीच असणार. पोट सुटल्याची तक्रार त्याच घरातल्या सोफ्यावरून जास्त ऐकू यायची, असं माझं मत.

क्वारंटाइनचे १४ दिवस तसे थोडेच, असं वाटतं. पण कोपनहेगनच्या संशोधकांनी बरोबर दोनच आठवड्यांचा प्रयोग केला होता, तोही महामारीच्या दहा वर्षं आधी. रोज दहा हजार पावलं चालणाऱ्या दहा धडधाकट तरुणांना त्यांनी तेराशेच्या आसपास आणलं. जिन्याऐवजी लिफ्ट, चालण्याऐवजी गाडी, बस्स. १४ दिवसांत इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद १७ टक्क्यांनी मंदावला आणि पायांमधलं चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळपास तीन टक्क्यांनी घटलं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते आळसावले की त्याच भाकरीला इन्सुलिन जास्त लागतं.

म्हणून वजनकाट्यावर फार भरवसा नको. एकीकडे स्नायू झिजतात, दुसरीकडे चरबी साचते, आणि काटा मात्र ‘दोनच किलो वाढले’ म्हणून समाधान करतो. आपल्याकडे ही फसगत जास्त होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

तेव्हा शिंप्याची टेप काढा. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही कंबरेची हद्द. युरोपातल्या पुरुषाला ९४ चालतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पोट आत ओढून घेतलेलं माप धरत नाहीत.