तळ्यात सेन्सर बसवताय? आधी हे वाचून घ्या

आम्ही तळ्यातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर विकतो, आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, सेन्सर लावला की माशांची मरतूक थांबेल ना? नाही थांबत. सेन्सर फक्त ओरडतो, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू करायला रात्री जागणारा माणूस नाहीतर ते आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर लागतोच. हे आधी सांगतो म्हणजे नंतर भांडण नको.

शेततळ्यात मासे बहुतेक वेळा पहाटे मरतात आणि त्याचं कारण साधं आहे. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो ओढून घेतात, त्यामुळे डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सगळ्यात खाली येतो पहाटे 4 ते 6 च्या दरम्यान, नेमका आपण गाढ झोपेत असतो तेव्हा. रोहू-कटल्यासाठी 5 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर असेल तर निवांत, 3 च्या खाली गेला की मासे वर येऊन आ वासायला लागतात. पंगस वरची हवाही घेतो म्हणून तो लगेच मरत नाही, पण खाद्य नीट अंगी लागत नाही आणि तो तोटा डोळ्याला दिसत नाही.

आता एक गोष्ट जिथे भलेभले फसतात. दुपारी 3 ला मोबाईलवर डीओ 13-14 दिसला की लोक खूश होऊन स्क्रीनशॉट पाठवतात. अहो, 30 डिग्रीच्या गोड्या पाण्यात हवेतून मुरणारा ऑक्सिजन साडेसातच्या आसपासच राहतो, त्याच्या वर इतका गेलाय म्हणजे शेवाळ जास्त झालंय, आणि दुपारी जितका वर तितका रात्री खाली आपटायची भीती. त्यात आभाळ भरून आलं, दिवसभर ऊन नाही, तर त्या रात्री एरेटर आधीच चालू करा, अलार्मची वाट बघत बसू नका. सेन्सर नसला तरी पाण्यात हात घालून बघा, कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला तर पाणी जास्तच हिरवं आहे (गढूळ पाण्यात हा अंदाज चुकतो).

प्रोब, म्हणजे सेन्सरचा पाण्यात राहणारा भाग, एरेटरच्या तोंडाशी लावू नका, तिथे रीडिंग कायम छान येतं आणि बाकीच्या तळ्यात मासे गुदमरतात. एरेटरपासून लांब, तळापासून फूट-दीड फूट वर, ही आमची पसंतीची जागा. कोळंबीवाल्यांनी मीटरमध्ये खारटपणा भरायचाच, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, तो आकडा भरला नाही तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो.

प्रोबवर बुळबुळीत थर बसतो, उन्हाळ्यात तर चार दिवसांत. मऊ ब्रशने पुसा, घासणी नको. रीडिंग उगाच हळूहळू उतरत चाललं तर आधी प्रोब पुसा, मग आम्हाला फोन करा. महिन्यातून एकदा ओलं फडकं ठेवलेल्या डब्यात प्रोब हवेत धरून बघा, रीडिंग 100 टक्क्यांच्या (म्हणजे हवेतून मुरू शकतो तेवढा पूर्ण ऑक्सिजन) आसपास यायला हवं. पीएचचा प्रोब कोरडा पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही ठेवू नका, सोबत दिलेल्या द्रावणातच ठेवा.

अमोनियाचा सेन्सर आम्ही विकत नाही, स्वस्तातल्यांवर आमचा भरवसा नाही, साधं टेस्ट किट वापरा. फक्त पीएचकडे लक्ष ठेवा कारण तोच अमोनिया 7 पीएचला जवळपास निरुपद्रवी असतो आणि 9 ला गेला की उन्हाळ्याच्या पाण्यात त्यातला चाळीस टक्क्यांच्या पुढचा भाग विषारी रूपात असतो.

अलार्मसाठी दोन नंबर द्या, त्यातला एक तळ्यावर झोपणाऱ्याचा. मालक पुण्यात आणि गडी तळ्यावर असेल तर मालकाचा फोन वाजून काय उपयोग? लाईट गेली तर आमचा सेन्सरचा बॉक्स बॅटरीवर चालतो, पण एरेटर नाही, म्हणून लाईट गेल्याचा अलार्म वेगळा दिलाय, तो बंद करू नका आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते संध्याकाळीच बघा.

वॉरंटी बॉक्सला आहे, प्रोबच्या मेम्ब्रेनला (टोकावरच्या पातळ पडद्याला) आणि टोपीला नाही, ते बदलावंच लागतं. वायर पाईपातून न्या, खेकड्याने नाहीतर उंदराने कुरतडली तर ती वॉरंटीत बसत नाही.