सर्वाधिक अर्थांचं क्रियापद ‘सेट’? आता नाही!

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’चे, असं बेळगाव-खानापूरकडची स्पर्धा परीक्षेची मुलं अजून पाठ करतात. १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात ते खरं होतं. तिथे त्याचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढे कोश सुधारताना ‘रन’ पुढे गेलं. क्रियापद म्हणूनच ६४५ अर्थ!

‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे. निपाणीला जाणारी बस, शहापुरातलं दुकान, कणकुंबीला उगम पावून वाहणारी मलप्रभा, धुतल्यावर पसरणारा साडीचा कच्चा रंग, सगळ्यांना हेच क्रियापद. बस आणि दुकान आपल्याकडेही ‘चालतं’. कन्नडमध्येही दुकान चालवणं म्हणजे ‘अंगडी नडेसु’. निवडणुकीला मात्र आपण उभे राहतो, ब्रिटिशही उभेच राहतात. तिथे ‘रन’ म्हणतात ते अमेरिकन.