नुरा वेगळी, डब्ल्यूडब्ल्यूई वेगळी

बेळगावात चहाच्या टपरीवर डब्ल्यूडब्ल्यूईचा, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सगळी नुरा असते ती, ठरवून केलेली." आणि तोच माणूस पुढच्या घोटाला हळहळतो, "जॉन सीना निवृत्त झाला. आता त्याच्या तोडीचा नवा स्टार कोण होणार?" अरे, नुरा असेल तर हळहळ कशाची?

आपली कुस्ती आणि ती, माती आणि रिंग, लंगोट आणि झगमगीत चड्डी हे फरक आपल्याकडं कुणाला सांगायला नकोत. फक्त एक चीड ओकून टाकतो. दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या लढतींपासून आपण या प्रकाराला 'फ्रीस्टाईल' म्हणत आलो आणि वर्तमानपत्रं अजून 'फ्रीस्टाईल हाणामारी' छापतात. फ्रीस्टाईल हा ऑलिंपिकमधला रीतसर प्रकार आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते त्यातच. तिथं गुद्दा मारला तर बाहेर काढतील.

आता नुरा. दोन पैलवान आतून ठरवून घेतात, इनाम वाटून घेतात आणि मैदानात ती कुस्ती खरी म्हणून खपवतात. वर्गणी देणाऱ्यापासून उन्हात चार तास बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची ती फसवणूक असते. डब्ल्यूडब्ल्यूईत निकाल ठरलेला असतो, पण हे कंपनीनंच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढं कबूल केलं, सरकारी क्रीडा नियंत्रणातून सुटका व्हावी म्हणून. त्यात फसवणूक कुणाची? जत्रेतल्या नाटकात अफझलखान दरवर्षी मरतो म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. शिवाय ठरलेला असतो तो निकाल, आदळणं नव्हे. १९९८ साली मिक फॉली हा त्यांचा पैलवान रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर कोसळला, ते पडणं खोटं कसं करणार?

इथवर बऱ्याच जणांना पटतं. घोळ होतो तो पुढं. निकाल ठरवता येतो म्हणजे स्टारही ठरवता येतो, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. २०१७ साली जिंदर महाल या पैलवानाला मुख्य पट्टा, म्हणजे विजेतेपद, दिला आणि जवळजवळ सहा महिने त्याच्याकडं ठेवला. झाला का तो सीना? रोमन रेन्सला २०१५ची रॉयल रंबल ही फिलाडेल्फियातली मोठी लढत जिंकवली, शेजारी खुद्द रॉकला, जुन्या लाडक्या स्टारला, उभा केला, तरी तिथल्या लोकांनी हुर्यो उडवली. तो खरा मोठा झाला २०२० नंतर, खलनायक म्हणून.

आपल्याकडं उलटं. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळ्यांनी १९५९ साली दिल्लीत बनतासिंगला हरवलं आणि ते पहिले हिंदकेसरी झाले. बनतासिंगनं त्यांना काही दिलं नव्हतं, त्यांनी ते हिसकावून घेतलं. मातीत हरणारा जिंकणाऱ्याला काही देत नाही. तिकडं मात्र देणं हेच हरणाऱ्याचं काम. जुन्यानं पडतं घ्यायचं, तेही योग्य वेळी आणि योग्य माणसापुढं.

म्हणून 'नवे स्टार होतील का' या प्रश्नाचं उत्तर मी नव्या पोरांकडं बघून देत नाही, जुने कुणापुढं पडतात ते बघतो. २०१४ साली अंडरटेकर या जुन्या स्टारची रेसलमेनिया या त्यांच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक मैदानातली २१ विजयांची मालिका तुटली. पडद्यावर २१-१ आलं आणि अख्खं स्टेडियम सुन्न झालं. पण जिंकला कोण? ब्रॉक लेस्नर, आधीच मोठा झालेला आणि वर्षातून मोजक्या वेळा उगवणारा. उधळपट्टी होती ती! एखाद्या पंचविशीतल्या पोराला तो विजय दहा वर्षं पुरला असता. याउलट २०२५च्या डिसेंबरात सीनानं शेवटच्या लढतीत गुंथर या त्याच्यानंतरच्या पिढीतल्या पैलवानापुढं हार मानली. चाहते भडकले. मला ते बरोबर वाटलं. जाणाऱ्यानं गाठोडं मागं ठेवूनच जावं. असं होत राहिलं तर नवे स्टार होतील. नुसते पट्टे वाटून होणार नाहीत.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुस्तीच्या मैदानात एकदा भाचा बरोबर होता, अंगात सीनाचा टीशर्ट. मोठी जोड लागली, हलगी कडाडत होती, पण अर्धा तास झाला तरी कुणी पट काढेना, डाव टाकेना.

"मामा, हे नुसतं ढकलूलेत की."

शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा!"

भाच्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, मग मला हळूच म्हणाला, "ठरवूनच करायचं होतं तर कुणाला तरी जिंकवायचं होतं की."