फुगलेलं चटणीचं पाकीट

हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याच्या काठावर जेवायला बसलो आणि सॅकमधून शेंगाचटणीचं पाकीट काढलं, तर ते टम्म फुगलेलं. "गेली चटणी," एकजण म्हणाला. सोलापुरात पाकीट फुगलं म्हणजे माल नासला, हे आपलं साधं गणित. इथं मात्र चटणीला काहीच झालं नव्हतं. पाकीट बंद झालं होतं सोलापुरात, समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर, आणि आतली हवाही तिथलीच होती. चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब सोलापूरच्या जेमतेम 62 टक्के. बाहेरचा रेटा कमी झाल्यावर आतली हवा पसरणारच.

छातीतही हाच हिशेब लागतो. वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण सर्रास म्हणतो, पण प्रमाण सगळीकडे तेच, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो दाब. त्यामुळे एका श्वासात आत येणारा ऑक्सिजनच घटतो. शरीराचा पहिला उपाय म्हणजे भराभर श्वास. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं, आणि ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे.

झोपेत ही ओढाताण नीट दिसते. मुक्कामाच्या सिस्सू गावात, म्हणजे 3,100 मीटरच्या आसपास, पहिल्या रात्री शेजारच्या गादीवरचा श्वास ऐकत मी जागा होतो. चार-पाच खोल श्वास, मग एकदम शांतता. मी मनात आकडे मोजायचो, आणि मोठा उसासा टाकून गाडी पुन्हा सुरू. कमी पडलेला ऑक्सिजन म्हणतो श्वास घे, घटलेला कार्बन डायऑक्साइड म्हणतो गरज नाही. त्या दोघांच्या भांडणात श्वासाची लय बिघडते. उंचीवर हे नेहमीचंच आहे, पण रात्री दोन वाजता हे ज्ञान फारसं कामाला येत नाही.

म्हणूनच आमचा बेत तंबू घेऊन वर वर सरकण्याचा नव्हता. दिवसा तळं, रात्री खालचं गाव. आधी मनालीत दोन रात्री, मग सिस्सू. तिथून एक दिवस दीपकताल, एक दिवस सूरजताल (सुमारे 4,880 मीटर), शेवटी चंद्रताल. डोकं ठणकणं, मळमळ हा त्रास वर पोचल्या पोचल्या होत नाही. बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. तोवर आपण खाली आलेलो असतो. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. बेतात एकच खोट होती: चंद्रतालचा रस्ता. रस्ता कसला, नदीचं पात्रच ते. पहाटे निघालो तरी परतायला रात्र झाली.

पण तळं! सिद्धेश्वर तलावाचं हिरवट पाणी बघत वाढलेल्या डोळ्यांना तो निळा रंग खोटाच वाटतो. थंड पाण्यात शेवाळाला पोसणारं फारसं काही नसतं, म्हणून ते नितळ. प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा परत फिरतो. बर्फनद्यांनी दळलेली दगडाची पिठी त्यात मिसळली की हिरवी झाक येते.

सूरजतालातून भागा नदी निघते. चंद्रा नदी चंद्रतालजवळून वाहते. तांदीला दोघी मिळतात आणि चंद्रभागा होते, म्हणजेच चिनाब. आमच्यातल्या माळकरी काकांनी हे ऐकून तिथंच हात जोडले. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, चंद्रकोरीसारख्या वळणामुळे तिला ते नाव पडलं, हे मी सांगितलं. "असू दे की," काका म्हणाले.

रात्री सिस्सूत डाळ शिजायची वाट बघत होतो. तिथं पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ बोटचेपी होत नाही, आणि कुकर एकच होता. पाकिटाची फुगार निम्मी उतरली होती. ते फोडलं आणि कडक भाकरीबरोबर चटणी संपवली. शिट्टी त्यानंतर झाली.