नाचण नाचते ती पोटासाठी

शेपटीचा पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचा व्हिडिओ फोनवर येतो आणि खाली ओळ असते, ‘बघा किती आनंदात नाचतोय!’ मोर नाचला म्हणून पाऊस पडतो म्हणण्याच्याच जातीचं हे. हा पक्षी म्हणजे नाचण, आणि ती तेव्हा किड्यांची शिकार करत असते.

ओळखायला सोपी. अंग चिमणीहून लहान, शेपटी लांब, रंग काळपट करडा, आणि एका जागी क्षणभर टिकत नाही. रुंद पांढरी भुवई कपाळापर्यंत आलेली आणि पोट पांढरं असेल तर पांढऱ्या भुवईची नाचण. भुवई बारीक आणि काळपट छातीवर पांढरे ठिपके असतील तर ठिपक्यांची. बस्स.

खरी गंमत किड्याच्या डोक्यात आहे. १० सेंमी रुंदीची वस्तू १ मीटरवरून डोळ्यात सुमारे ६ अंशांचा कोन करते, ५० सेंमीवरून ११, पण १० सेंमीवरून तब्बल ५३. म्हणजे अंगावर येणारी वस्तू आधी हळूहळू वाढते आणि शेवटी एकदम फुगते. टोळाच्या मेंदूत नेमकं हे फुगणं हेरणारी एक मोठी चेतापेशी असते. प्रतिमेच्या कडा जितक्या वेगाने पसरतील तितकी ती चेतते. प्रतिमेचा आकार मात्र तिला दाबत जातो. या ओढाताणीत तिचे संदेश एक ठरावीक कोन ओलांडल्यावर शिगेला पोहोचतात, मग वस्तू लहान असो की मोठी, सावकाश येवो की झपाट्याने. पसरण्याचा वेग आणि आकाराचा दाब यांचा एकटी पेशी चक्क गुणाकार करते! (इथे समीकरण द्यायचा मोह आवरतो.) तिचे संदेश पुढच्या पेशीमार्फत पाय आणि पंखांपर्यंत जातात. माश्यांमध्येही अशीच तातडीची यंत्रणा असते.

नाचण जवळ न जाताच शेपटी फाडकन उघडते. किड्याला वाटतं, कुणीतरी अंगावर आलं. तो उडतो आणि हवेतच टिपला जातो. पानावर गप्प बसता तर कदाचित दिसलाही नसता.

शेपटीच्या पांढऱ्या टोकांचा यात किती वाटा? अमेरिका खंडातले रेडस्टार्ट पक्षी नाचणीचे जवळचे नातलग नव्हेत, पण किडे उठवायची युक्ती हीच. कोस्टा रिकात त्यांच्यातल्या काहींच्या शेपटीची पांढरी पिसं काळी रंगवून पाहिली. शेपटी तीच, उघडणं तेच, फक्त पांढरा रंग गेला. आणि पिल्लांच्या चोचीत कमी घास पडू लागले.