टूरिंग गाडीचं सस्पेन्शन आणि प्रीलोडचा जुना घोळ

टूरिंग मोटरसायकलचं सस्पेन्शन सुधारायचा विषय मागच्या शॉकअपपासून सुरू होतो आणि हमखास प्रीलोडवर, म्हणजे भार येण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवायची यावर, येऊन अडतो. हा घोळ आजचा नाही.

तेलाचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा रोध) असलेला टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या, १९३५ साली एका जर्मन गाडीवर कारखान्यातूनच आला. त्यानंतरची चाळीसेक वर्षं झपाट्याने ओलांडली तरी चालतील. त्या काळात मालकाच्या हाती उरलं होतं ते मागच्या शॉकअपवरची, प्रीलोड बदलणारी खाचांची रिंग आणि ती फिरवायचा हूक पाना. रिंग चढवली की सीट उंच व्हायची, एकट्याने चालवताना गाडी आपटायची, आणि ‘शॉकअप कडक केला’ असं बोललं जायचं. तो शब्दप्रयोग चिकटला तो चिकटलाच.

खरं तर सरळ, म्हणजे सगळीकडे सारख्याच कडकपणाची स्प्रिंग प्रीलोडने कडक होतच नाही. समजा तिला एक मिलिमीटर दाबायला १० किलो भार लागतो. १० मिमी प्रीलोड दिला, तर १०० किलोंपर्यंत ती हलणार नाही. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला मात्र पुन्हा १० किलोच. बदलतो तो सॅग, म्हणजे भारामुळे गाडी किती खाली बसते ते. तो एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा असा संकेत आहे. मूळ स्प्रिंग मऊ असेल तर दोघं आणि भरलेले बॉक्स यांसाठी प्रीलोड चढवून सॅग जुळतो, पण मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला जायचा तो जातोच. सामान उतरवून तीच गाडी चालवली की उलटी तऱ्हा: खोलगट जागी चाकाला खाली जायला वावच उरत नाही.

१९८० च्या सुमारास मोठ्या टूरिंग गाड्यांवर हवेचं सस्पेन्शन आलं. भार वाढला की पंप मारा. हवा धरून ठेवणाऱ्या सीलचं घर्षण वाढलं आणि बारीक खडखड थेट हातात येऊ लागली. ब्रेक लावल्यावर पुढचं तोंड खाली जाऊ नये म्हणून ब्रेकच्या तेलावर चालणारे अँटी-डाइव्हही त्याच काळातले. योग्य स्प्रिंग बसवणं टाळण्यासाठी किती खटाटोप!

फोर्कमध्ये तेव्हा तेल भोकांतून ढकलून डॅम्पिंग करणारा साधा डॅम्पर रॉड असे. त्याच्या ठरावीक भोकांमुळे संथ हालचालीत तो ढिला आणि अचानक बसलेल्या दणक्याला दगड. लोक जाड तेल ओतत. त्याने डोलणं थांबे, दणका वाढे. पुढे दणक्यानुसार तेलाची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचे कार्ट्रिज फोर्क आले आणि जुन्या फोर्कसाठी त्यांची नक्कल करणारे, रॉडवर बसणारे एम्युलेटर व्हॉल्व्ह.

२००४ साली बटणावर चालणारी यंत्रणा आली. तिने भार आणि डॅम्पिंग वेगवेगळे निवडायला लावले, म्हणजे बोलीतला गुंता निदान मेनूत तरी सुटला. २००९ च्या तिच्या पुढच्या आवृत्तीत स्प्रिंगचा कडकपणाही खरोखर बदलू लागला, त्यामुळे ‘बटण दाबून कडक केला’ हे त्या गाड्यांपुरतं बरोबर ठरलं. २०१२-१३ पासून डॅम्पिंग चालत्या गाडीत आपोआप जुळू लागलं. तरीही वॉरंटी संपल्यावर असे महागडे शॉकअप दुरुस्तीला जातात, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो: चालवणाऱ्याचं वजन किती, मागे कोणी बसतं का, सामान किती?