मैदान सुटणे : लैंगिक अत्याचार आणि नागपुरातील किशोरवयीन खेळाडू

लैंगिक अत्याचार झालेले मूल सरावाला यायचे कमी होते, खेळ बदलते, संघातून अंग काढून घेते किंवा खेळ कायमचा सोडते. या सगळ्याला या नोंदीत ‘मैदान सुटणे’ म्हटले आहे. अत्याचार मैदानावरच झालेला असतो असे नाही. तो घरात, शिकवणीच्या ठिकाणी किंवा रस्त्यात झाला तरी त्याची पहिली खूण पुष्कळदा ग्राउंडवरच उमटते. हजेरीपटात मात्र ती सापडत नाही. तिथे मुलाच्या नावापुढे ‘दहावी’, ‘ट्यूशन’ नाहीतर ‘तब्येत’ एवढेच असते, आणि ते कोणाला खटकतही नाही, कारण दहावीत खेळ बंद होणे आपल्याकडे नवलाचे नाही.

मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल, धंतोलीचे यशवंत स्टेडियम, रेशीमबागचे मैदान आणि वस्त्यावस्त्यांमधली कबड्डी-खोखोची मंडळे ही नागपुरातल्या मुलांची खेळायची ठिकाणे. इथला उन्हाळा सरावाची वेळ ठरवतो. एप्रिल-मे महिन्यांत खेळायचे तर उजाडता उजाडता, नाहीतर दिवेलागणीनंतर. त्यामुळे येण्याजाण्याचा रस्ता हाही खेळाचाच भाग होतो. वाटेत कोणी अंगचटीला आले आणि मुलीने ते घरी सांगितले, तर घरचा पहिला निर्णय बहुधा ‘काही दिवस जाऊ नको’ हा असतो. त्यामागे काळजी असते हे खरे. पण काही दिवसांचे दोन महिने होतात, निवड चाचणी निघून जाते आणि छेड काढणारा त्याच पानठेल्यावर उभा असतो.

अत्याचार करणारी व्यक्ती खेळातलीच असेल तर गुंता वाढतो. प्रशिक्षक हा मुलांचा ‘सर’ असतो. संघात कोण, राखीव कोण, बाहेरगावी कोण जाणार हे त्याच्या शब्दावर ठरते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे स्पर्धेच्या प्रमाणपत्राला साध्या घरात फार मोल असते, आणि तिथवर पोचण्याची वाट सरांच्या हातात असते. सुरुवात क्वचितच जबरदस्तीने होते. आधी नवे बूट येतात, मग गाडीवरून घरी सोडणे, मग ‘तुझ्यात काहीतरी वेगळं आहे’ म्हणून एकट्याचा जादा सराव, मग रात्रीचे मेसेज. आईवडिलांना यात सरांचा जीवच दिसतो. सेलिया ब्रॅकनरिज आणि सँड्रा किर्बी या अभ्यासकांनी १९९७ मध्ये मांडले होते, की खेळाडूला सर्वाधिक धोका यशाच्या अगदी उंबरठ्यावर असताना असतो. तोवर घातलेली वर्षे खूप झालेली असतात आणि नाही म्हणण्याची किंमत तेव्हाच सर्वांत मोठी असते. नागपूरच्या मुलांना वरच्या पातळीवर जाण्यासाठी पुष्कळदा याच वयात घर सोडून निवासी अकादमीत राहावे लागते.

परिणाम शरीरावर कसा दिसतो हे कबड्डीत चांगले कळते. कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीचे काम म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा आणि बाकीच्या सहा जणींचे वजन अंगावर घ्यायचे. यात विचार करायला वेळ नसतो, शरीरच निर्णय घेते. अत्याचारानंतर नेमका हाच निर्णय बिघडतो. मागून कोणाचा हात कमरेला लागला की ती क्षणभर गोठते, पकड सुटते आणि बाहेरून ‘लक्ष कुठाय तुझं?’ अशी आरोळी येते. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना ती जर्सीखाली पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून येते. कपडे बदलायच्या खोलीत जायचे टाळते, सरावाआधी पोटात दुखते म्हणते. कुस्ती, ज्युदो, जिम्नॅस्टिक्स हे स्पर्शाशिवाय न चालणारे खेळ. ते आधी सुटतात, आणि धावण्यासारखा एकट्याचा खेळ कधी कधी टिकतो. काही मुले याच्या अगदी उलट वागतात. रात्रंदिवस सराव करतात, जेवण तोडतात, दुखापत लपवतात. त्यांची कामगिरी काही काळ सुधारतेसुद्धा, म्हणून त्यांच्याबद्दल शंका कोणालाच येत नाही. मुलगे तर बोलतच नाहीत. चिडवले जाण्याची भीती त्यांना अत्याचाराइतकीच जाळते, आणि मुलग्याच्या बाबतीत असे घडू शकते हे ऐकायला घरचेही तयार नसतात.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा तो अधिक गंभीर मानतो. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘आपसात मिटवू’ म्हणणारा मंडळाचा अध्यक्ष स्वतःच आरोपी ठरू शकतो, ही गोष्ट मैदानावर फार थोड्यांना ठाऊक असते. सज्ञान महिला खेळाडूंसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांनाही कामाचे ठिकाण मानले आहे.

पोक्सोच्या इतिहासात नागपूरचे नाव एका वादग्रस्त निकालामुळे आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, त्वचेला त्वचेचा स्पर्श झालेला नसल्यास तो पोक्सोखालील लैंगिक हल्ला होत नाही, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी निकाल रद्द करून स्पष्ट केले, की महत्त्व हेतूला आहे, मध्ये कापड होते की नव्हते याला नाही. मूळ प्रकरणाचा खेळाशी संबंध नव्हता. पण मैदानावरचा जवळजवळ प्रत्येक नकोसा स्पर्श जर्सीवरून, ट्रॅकपँटवरून, ‘स्टान्स दुरुस्त करतो’ म्हणत झालेला असतो. तो निकाल टिकला असता तर अशा स्पर्शाविरुद्ध पोक्सोचा आधार उरला नसता.

बोलल्यानंतर मैदान कोणाचे सुटते, याची उदाहरणे जुनी आहेत. १९९० मध्ये हरियाणातल्या १४ वर्षांच्या टेनिसपटूने राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष असलेल्या पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. तिला शाळेतून काढले गेले आणि १९९३ मध्ये तिने जीवन संपवले. त्या पोलीस अधिकाऱ्याची नोकरी मात्र चालूच राहिली, तो पुढे राज्याचा पोलीस महासंचालकही झाला आणि दोषी ठरला तो २००९ मध्ये. २०२३ मध्ये नामांकित कुस्तीगीर कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साक्षी मलिकने बूट टेबलावर ठेवून निवृत्ती जाहीर केली. ऑलिंपिक पदक असलेल्या बाईची ही कथा, मग मनपाच्या शाळेतल्या मुलीने काय करावे? नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये, १८ व्या वर्षी, प्रेक्षक आपल्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात असे जाहीरपणे म्हणाली. तो अत्याचार नव्हता, पण मुलींना मैदानापासून दूर सारणारी नजर तीच. पुढच्या वर्षी तिने महिला विश्वचषक जिंकला.

मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, शहर पोलिसांचा भरोसा सेल आणि मेडिकल व मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत. उपचार खासगी रुग्णालयानेही मोफत द्यायचे असतात. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने घ्यायचा असतो.

मैदानावर परतणे शक्य असते, आणि काही मुलांना औषधासारखे लागूही पडते, पण ते मुलाच्या अटींवर व्हावे लागते. दुसरा प्रशिक्षक, दुसरी वेळ, आई किंवा मावशी कडेला बसलेली, आणि हात लावण्याआधी ‘खांदा धरू का?’ असे विचारणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. का गेली होतीस, असे कोणी विचारायचे नाही. अडते ते वेळेपाशी. खटला शक्यतो वर्षभरात संपावा असे पोक्सो म्हणतो, पण तारखा लांबतच जातात. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट जन्मतारखेवर ठरतात. सोळाव्या वर्षी तक्रार केलेली मुलगी साक्ष देऊन मोकळी होते, तोवर तिचा गट पुढे सरकलेला असतो, आणि जुन्या संघात तिच्या जागी, कोपऱ्यात, दुसरी कोणी उभी असते.